चष्मा उतरवावा की ठेवावा?
लेझर ऑपरेशनापूर्वी सभासदांनी करावयाचा विचार



गट कचेरीत हल्ली उसाच्या नोंदीबरोबर आणखी एक चौकशी होऊ लागली आहे. बेण्याचे बोलणे संपते, तोडणीच्या पाळीचे बोलणे संपते, आणि उठता उठता सभासद विचारतात, "साहेब, पोराचा चष्मा लेझरनं घालवावा म्हणतोय. बिलाचा हप्ता आला की करून टाकावं का?" कुणाला मुलाच्या भरतीची घाई असते, कुणाला मुलीच्या लग्नाची. कुणी स्वतःच पावसात आणि घामात चष्मा पुसून पुसून वैतागलेले असतात.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची पदविका शेतकीची. अमक्याने ऑपरेशन करावे आणि तमक्याने करू नये, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु रान न बघता लागण करू नका, हे सांगण्यात आमची नोकरी गेली. तोच नियम डोळ्याला लावून, डोळ्यांच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जी माहिती आम्ही गोळा केली, ती येथे देत आहोत.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोतीबिंदू पिकला तर ऑपरेशन करावेच लागते. चष्म्याच्या नंबराचे तसे नाही. चष्म्याने नीट दिसत असेल तर तो डोळा धडधाकट आहे, आणि धडधाकट डोळ्यावर आपण राजीखुशीने ऑपरेशन करून घेणार आहोत. थांबल्याने त्यात काही बिघडत नाही. घाई केल्याने मात्र बिघडू शकते. म्हणून हा निर्णय डोळ्याचे माप आणि आपल्या कामाचे स्वरूप, या दोन गोष्टींवर घ्यावा. जाहिरातीवर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर घेऊ नये.

लेझर एक, कामे अनेक

"आमच्या शेजारच्या आण्णांनी सत्तराव्या वर्षी लेझर केलं, त्यांचा चष्मा गेला. मग माझा का जाणार नाही?" असे एका सभासदांनी आम्हांला विचारले. त्या आण्णांचे झाले होते ते मोतीबिंदूचे ऑपरेशन. त्यात डोळ्याच्या आतले गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. जुने भिंग फोडायला बहुतेक ठिकाणी ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात, पण बोलण्यात त्यालाही लेझरच म्हणतात.

मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या भिंगामागे जाळी धरते, ती मोकळी करायला लेझर वापरतात. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्याला इजा झाली असेल तर त्यावरही लेझर करतात. हे शेवटचे लेझर नजर वाचवण्यासाठी असते. डॉक्टरांनी ते सांगितले तर टाळाटाळ करू नये.

आपण बोलत आहोत ते या सर्वांहून वेगळे, चष्म्याचा नंबर घालवण्याचे लेझर. दवाखान्यात गेल्यावर आपले लेझर यांतले कोणते, हे पहिल्यांदा विचारून घ्यावे. नाव एकच असल्याने पुष्कळ गैरसमज होतात.

हे लेझर करते काय?

डोळ्याच्या सर्वांत पुढे काचेसारखा पारदर्शक भाग असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. नेत्रदानात दुसऱ्याला बसवतात तो हाच भाग. प्रकाश आत येताना पहिल्यांदा येथे वळतो आणि मागच्या पडद्यावर प्रतिमा पडते. ज्याला लांबचे दिसत नाही त्याच्या डोळ्यात ही प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. त्याला आपण उणे नंबर म्हणतो. पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट केला, तर प्रतिमा नेमकी पडद्यावर जाते आणि चष्म्याची गरज उरत नाही.

या शोधात आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात तेथील सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर 'एक्सायमर' नावाचा अतिनील किरणांचा लेझर चालवला. आजूबाजूचे काही न जळता हवा तेवढाच थर निघाला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्यासोबत जनावरांच्या पारपटलावर हा प्रयोग केला. १९८८ मध्ये डॉ. मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर हे ऑपरेशन केले, आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्याने त्यास मान्यता दिली. म्हणजे ही कालपरवाची गोष्ट नाही. तंत्र जुने आणि चांगले रुळलेले आहे. प्रश्न तंत्राचा नसून कुठल्या डोळ्याला ते मानवेल, हा आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे रानाचे सपाटीकरण आहे. उंचवट्याची माती काढली की पाणी सगळीकडे सारखे बसते. पण काळी माती खोल असेल तरच हे जमते. वीतभर माती आणि खाली मुरूम अशा रानात सपाटीकरण केले, तर मुरूम उघडा पडतो आणि रान कायमचे उतरते. शेतात निदान गाळ आणून टाकता येतो. डोळ्यात एकदा काढलेला थर परत टाकता येत नाही.

आधी मोजमाप, मग बोलणे

पारपटलाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पुष्कळांची जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास भरते. एक नंबर घालवायला अंदाजे १२ ते १५ मायक्रॉनचा थर काढावा लागतो. आता हिशोब करून बघा.

एकाची जाडी ५४० आणि नंबर उणे ४. लॅसिक पद्धतीत वरचा पापुद्रा ११० मायक्रॉनचा उचलला आणि १५ च्या दराने ६० मायक्रॉन काढले, तर खाली ३७० शिल्लक राहतात. हे चांगले झाले. दुसऱ्याची जाडी ४९० आणि नंबर उणे ९. त्याचे ११० आणि १३५ वजा केले की उरतात २४५. पापुद्र्याखाली किमान २५० तरी राहिले पाहिजेत, आणि पुष्कळ डॉक्टर ३०० च्या खाली उतरायला तयार नसतात. दोघांनी पैसे सारखेच आणले असले तरी एकाचा डोळा तयार आहे आणि दुसऱ्याचा नाही. अशा मोठ्या नंबराला डोळ्याच्या आत जादा भिंग बसवण्याची निराळी पद्धत आहे. तिच्या तपासण्या आणि धोके वेगळे असतात.

जाडीशिवाय आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

१. वय १८ पूर्ण झालेले असावे, आणि नंबर निदान एक वर्ष स्थिर असावा. वर्षात अर्ध्या नंबराहून अधिक फरक पडत असेल तर थांबावे. नंबर वाढता असताना ऑपरेशन करणे म्हणजे ऊस वाढायचा असताना तोड घेणे होय.

२. पारपटलाचा आकार. याचा नकाशा काढणाऱ्या तपासणीला टॉपोग्राफी म्हणतात. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, पण चढउतार कळायला मोजणीच लागते. तसेच हे आहे.

३. डोळ्यात ओलावा किती आहे. ज्याचे डोळे आधीच कोरडे, त्याला नंतर जास्त त्रास होतो.

४. मागचा पडदा. मोठा उणे नंबर असणाऱ्याचा पडदा ताणलेला असतो आणि त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. लेझरने चष्मा गेला तरी हा धोका जात नाही. पडद्याची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

५. इतर आजार. मधुमेह आटोक्यात नसेल तर रक्तातील साखरेबरोबर नंबरही हलतो. संधिवाताचे काही प्रकार, गरोदरपण आणि अंगावर दूध पाजण्याचा काळ, यांतही थांबायला सांगतात.

जे कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात त्यांनी मोजणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बंद ठेवाव्यात. मऊ लेन्सला एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्सला त्याहून जास्त दिवस लागतात. लेन्सने पारपटलाचा आकार दबलेला असतो. दबलेल्या आकाराचे माप घेतले तर सगळाच हिशोब चुकतो.

एका घरातील तिघे

आमच्या माहितीतील एका सभासदाच्या घरी तिघांना चष्मा. नावगाव सांगत नाही. वडील बावन्न वर्षांचे, मुलगी पंचविशीची, पुण्यात नोकरीला. मुलगा वीस वर्षांचा. सकाळी तालीम, दुपारी शेत, आणि डोळ्यांपुढे पोलीस भरती. एका ठिकाणी सवलतीचा फलक बघून वडिलांनी ठरवले की तिघांचेही एकदम उरकून टाकू. पैशाची तजवीजही केली. नशीब असे की तपासणी नीट करून घ्यावी म्हणून ते शहरातील डॉक्टरांकडे गेले.

वडिलांचा नंबर उणे दोन. लांबचे बघायला चष्मा, पण वाचताना ते तो कपाळावर सरकवून वाचतात. डॉक्टरांनी त्यांना विचारले, "दिवसात वाचन जास्त करता की लांबचं बघणं?" मग समजावून सांगितले, की चाळिशी ही डोळ्याच्या आतल्या भिंगाचा लवचीकपणा गेल्यामुळे येते. लेझर चालते ते बाहेरच्या पारपटलावर. लांबचा नंबर जाईल, पण आज चष्मा काढून जो सातबारा वाचता, तो वाचायला मग चष्मा लागेल. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवण्याची युक्ती आहे, पण ती सर्वांना मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून काही दिवस बघावे लागते. शिवाय पुढे मोतीबिंदू झालाच, तर त्या ऑपरेशनात भिंग बसवताना नंबरही साधता येतो. वडील हसून म्हणाले, "म्हणजे एका खिशातला चष्मा दुसऱ्या खिशात. मग हाय त्यो बरा." त्यांचा विषय तेथेच संपला.

मुलीचा नंबर उणे साडेचार, तीन वर्षे तोच. जाडी चांगली, आकार चांगला, पडदा चांगला. डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बसवले आणि तिला एकटीला विचारले, "तुला हवंय की घरच्यांना?" घरात स्थळाचे बोलणे चालू होते आणि चष्म्यावरून एक स्थळ परत गेले होते. मुलगी म्हणाली, "स्थळासाठी करायचं असतं तर नाहीच म्हटलं असतं. पण चष्मा काढला की मला हातभर लांबचं धूसर दिसतं. त्याचाच कंटाळा आलाय." तिने आणखी चार महिने विचार केला आणि स्वतःच्या पगारातून ऑपरेशन करून घेतले. दुसऱ्या दिवशी तिला स्पष्ट दिसू लागले. डोळ्यांची कोरड मात्र चार-पाच महिने राहिली. कचेरीत यंत्रासमोर बसताना दिवसातून कित्येकदा थेंब घालावे लागत. आज ती समाधानी आहे.

मुलाची गोष्ट निराळी झाली. त्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता, तिरपा नंबर वाढत होता. उन्हाळ्यात डोळे खाजत आणि तो ते मुठीने चोळी. घरच्यांना वाटे, धुळीने होत असेल. टॉपोग्राफीत दिसले की पारपटल मध्याच्या खाली पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागले आहे. या रोगाचे नाव केराटोकोनस. तरुण वयात तो सुरू होतो, आणि डोळे चोळण्याने वाढतो. अशा डोळ्याचा आणखी थर लेझरने काढला, तर उरलेले पारपटल आतल्या दाबाने फुगत जाते आणि नजर चष्म्यानेही नीट होत नाही. काही जणांना शेवटी नेत्रदानात मिळालेले पारपटल बसवण्याची वेळ येते.

मुलगा भडकला. "भरतीचं वय निघून चाललंय, आणि तुम्ही म्हणताय करायचंच नाही!" आईने डॉक्टरांना विचारले, "मग तपासणीचे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे?" डॉक्टर म्हणाले, "बाई, या तपासणीनं तुमच्या पोराचा डोळा वाचला." त्याला लेझरऐवजी वेगळा उपचार सांगितला. जीवनसत्त्व ब-२ चे थेंब घालून विशिष्ट अतिनील किरण देतात, त्याने पारपटल घट्ट होते आणि रोग पुढे सरकणे बहुतेकांत थांबते. खाज थांबण्याची औषधे दिली आणि चोळणे कडक बंद केले. भरतीचे जमले नाही, आणि त्याचे त्याला अजून वाईट वाटते. पण नंबर पुढे गेलेला नाही, आणि चष्म्याने त्याला चांगले दिसते.

एक घर, एकच दिवस, एकच डॉक्टर, आणि तीन वेगळी उत्तरे. सवलतीच्या ठिकाणी पुरती मोजणी न करता तिघांचे उरकले असते तर काय झाले असते, याचा विचार सभासदांनीच करावा.

भरतीच्या संदर्भात आणखी एक. काही खात्यांच्या वैद्यकीय नियमांत लेझर ऑपरेशन चालते, काहींत चालत नाही. चालते तेथेही वय, जाडी आणि ऑपरेशननंतर गेलेला काळ, अशा अटी असतात. आधी त्या भरतीचे नियम वाचावेत. "चालतंय की" असे कुणी सांगितले म्हणून डोळा टेबलावर ठेवू नये.

आपले काम कोणते, पद्धत कोणती

मुख्य पद्धती तीन आहेत. लॅसिकमध्ये पारपटलाचा वरचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, खाली लेझर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. टाका घालावा लागत नाही. दुखणे कमी, आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच चांगले दिसते. पण तो पापुद्रा पहिल्याइतका घट्ट कधीच जुळत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणे आहेत.

पीआरके ही सर्वांत जुनी पद्धत. यात पापुद्रा नसतो. वरची नाजूक त्वचा काढून लेझर करतात आणि ती त्वचा चार-पाच दिवसांत पुन्हा येते. हे दिवस डोळे चांगलेच दुखतात, पाणी येते, आणि नजर पुरती बसायला काही आठवडे लागतात. उन्हापासून डोळा जपावा लागतो. पण मार बसून सरकायला काही राहत नाही.

तिसरी स्माइल. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. लेझरने आतल्या आत पातळ चकती तयार करून ती काही मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. खर्च अधिक येतो.

आता आपले काम पाहा. कुस्ती, कबड्डी खेळणारा, उसात वावरणारा, जनावराची शिंगे आणि शेपटी चुकवत धार काढणारा, यांनी डॉक्टरांना हे काम मुद्दाम सांगावे. दवाखान्यात स्वच्छ कपडे घालून गेलेल्या माणसाचे काम डॉक्टरांना दिसत नाही. पापुद्र्याची पद्धत अशांना कितपत योग्य, हे त्यांना विचारावे.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. उसाच्या पात्याची करवतीसारखी धार आणि आपला डोळा यांच्यामध्ये चष्म्याची काच असते. पाते लागून बुबुळावर जखम होते, त्यात बुरशी धरते आणि फूल पडून नजर जाते, असे शेतकऱ्यांचे डोळे नेत्र रुग्णालयांत नेहमी येतात. चष्मा उतरवला तरी पाचट काढताना, तोडणीत आणि भरणीच्या वेळी बिननंबरचा साधा गॉगल घालावाच. ज्यांना चष्मा नाही त्यांनीही घालावा. पाते लागलेच तर दुकानातून आणलेले थेंब किंवा मध डोळ्यात घालू नये. थेट डॉक्टर गाठावा.

नंतर काय होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इतर संस्थांबरोबर लॅसिक झालेल्यांची एक पाहणी केली. प्राउल या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. ही जमेची बाजू. पण ज्यांना आधी दिसण्याचा असा काही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एक तरी नवा त्रास जाणवत होता. दिव्याभोवती वलय दिसणे हा त्यांत सर्वाधिक. कोरडेपणा आधी नसलेल्या २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो आला होता. रोजचे काम अडावे इतका दिसण्याचा त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना होता.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पुष्कळांचा त्रास काळाने कमी होतो, थोड्यांचा राहतो. ज्यांना गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन समोरच्या गाड्यांच्या उजेडात चालायचे असते, त्यांनी वलयाच्या गोष्टीचा विचार दिवसा कचेरीत बसणाऱ्यापेक्षा जास्त करावा. काहींचा थोडा नंबर परत येतो आणि पुन्हा लेझर करावे लागते. ते करण्याइतकी जाडी शिल्लक आहे का, हे आधीच बघून ठेवलेले असावे.

खर्च आणि सवड

पद्धतीप्रमाणे आणि गावाप्रमाणे दोन्ही डोळ्यांचा खर्च पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जातो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत ७.५ पेक्षा कमी नंबराचा दृष्टिदोष घालवण्याचा खर्च वगळता येतो. तेव्हा विमा आहे म्हणून गृहीत धरू नये. खत, बेणे आणि सोसायटीचे देणे भागल्यावर जे उरते त्यातच हा खर्च बसवावा. याच्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही, कारण चष्मा तोपर्यंत काम देतोच आहे.

सवडही लागते. पहिले काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, डोळा चोळायचा नाही. विहिरीत, कालव्यात पोहणे निदान महिनाभर बंद. तणनाशकाची फवारणी, गुऱ्हाळाचा धूर, मळणीची धूळ, काजळ-सुरमा, हे सर्व डॉक्टर सांगतील तोपर्यंत दूर. लागण, भरणी किंवा तोडणी अंगावर असताना तारीख घेऊ नये. घरात पंधरा दिवस रान बघणारे कुणी असेल तेव्हाच घ्यावी.

विचारायचे प्रश्न

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. विचारताना संकोच करू नये.

१. माझा नंबर किती दिवस स्थिर आहे?
२. माझी जाडी किती, काढणार किती, आणि शिल्लक किती राहणार?
३. टॉपोग्राफीत आकार निर्दोष आहे का?
४. डोळ्यांचा कोरडेपणा आणि मागचा पडदा तपासला का?
५. माझ्या कामाला कोणती पद्धत योग्य, आणि का?
६. माझ्या वयाला जवळचा चष्मा लागणार का, कधी?
७. त्रास झाला तर पुढची तपासणी कुणी, कुठे, किती खर्चात करायची?
८. मी केलेच नाही, तर माझ्या डोळ्याचे काही नुकसान होणार आहे का?

आठव्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना "नाही" असेच मिळेल. ते ऐकून घरी यावे आणि चार दिवस जाऊ द्यावेत. "आजच नाव नोंदवा, उद्यापासून दर वाढणार," असे कुणी म्हणाले, तर त्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये. दोन डॉक्टरांचे मत एकसारखे आले, मोजमाप बरोबर बसले, आणि इच्छा आपली स्वतःची असेल, तर करून घ्यायला हरकत नाही. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर चष्मा पुसावा आणि कामाला लागावे.

शेवटी एक सूचना, विशेषतः तरुण सभासदांच्या मुलामुलींसाठी. ऑपरेशन केलेच, तर आधीचा नंबर, आधीची जाडी, टॉपोग्राफीचे नकाशे आणि किती थर काढला याचा कागद जपून ठेवा. तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा नवे भिंग किती नंबराचे बसवायचे, याचा हिशोब लेझर झालेल्या डोळ्यात अवघड जातो, आणि हे जुने आकडे तेव्हा उपयोगी पडतात. आज ऑपरेशन करणारे डॉक्टर तेव्हा असतील-नसतील. म्हणून ते कागद सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट जेथे ठेवता त्याच पेटीत ठेवावेत, आणि ते तेथे आहेत हे घरात कुणाला तरी सांगून ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी